पाणवठ्यावर आज कोणी नाही

५ ऑक्टोबर, रविवार. इचिकावा, जपान.

आजपासून रोजनिशी. उद्देश एकच, आफ्रिका सफारीची पद्धतशीर तयारी. ऑफिसचं राजकारण, घरगुती तक्रारी, जेवायला काय केलं वगैरे फालतू गोष्टी लिहायच्या नाहीत.

निर्णय झालेला आहे. डिसेंबरअखेर ऑफिसला नवीन वर्षाची सुट्टी लागली की दक्षिण आफ्रिका. मी इथून जाणार, उत्तरा आणि ओजस्वी पुण्याहून येणार, तिकडच्या विमानतळावर तिघं भेटणार. नवरा एका देशात, बायको-मुलगी दुसऱ्या देशात, आणि भेट तिसऱ्याच खंडात. कल्पनाच भारी आहे. त्या दोघींना अजून सांगितलेलं नाही. सरप्राइज.

एका वेबसाइटवर स्वच्छ लिहिलंय की प्राणी बघायला हिवाळा उत्तम. गवत वाळतं, पानं गळतात, पाणी आटतं आणि सगळे प्राणी झक मारत पाणवठ्यावर येतात. हिवाळा म्हणजे डिसेंबर. बुकिंग करून टाकलं. याला प्लॅनिंग म्हणतात.

जेवायला खिचडी केली. हे शेवटचं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

ओजस्वीला प्रत्यक्ष भेटून दीड वर्ष झालं. स्क्रीनवर भेटतो, तो भाग वेगळा. यंदा गणपतीत जाणार होतो, ऑफिसातलं सॉफ्टवेअर रिलीज आडवं आलं. त्या दोघी कोविडच्या वर्षी सहा महिन्यांसाठी म्हणून पुण्याला गेल्या. मग शाळा चांगली मिळाली, मग उत्तराला नोकरी चांगली मिळाली. तात्पुरती व्यवस्था आहे. पण बापाचं म्हणून काहीतरी दणदणीत व्हायला हवं, म्हणजे पोरीला आयुष्यभर लक्षात राहील.

लहानपणी इथल्या झूमध्ये ती जिराफासमोरून हलायची नाही. माझ्या खांद्यावर बसून ‘किरिन-सान, किरिन-सान’ अशा हाका मारायची. जिराफाला जपानीत किरिन म्हणतात. माझे खांदे भरून यायचे. ओजस्वीला प्राण्यांचं वेड आहे हे मला कुणी सांगायला नको.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

ऑफिसात इतक्यात बोलायचं नाही असं ठरवलं होतं. जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या टेबलवरच्या कोबायाशी-सान त्यांच्या गावच्या हॉट स्प्रिंगबद्दल सांगत होत्या. कौतुकाने ऐकत होतो. मग आपोआप आफ्रिका निघाली. त्या मोठ्यांदा ‘ए, सुगोई’ म्हणाल्या, म्हणजे ‘अरे वा, भारीच’. संध्याकाळपर्यंत सेक्शन-चीफना कळलं. त्यांनी जागेवर येऊन फॅमिली सफारीबद्दल माझं अभिनंदन केलं.

इथे मी हेमचंद्रचा हेमा-सान झालो त्याला आता नऊ वर्षं झाली. आजपासून मी ‘आफ्रिकेचा हेमा-सान’ आहे. बरं वाटतं.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन.

ऑफिसातून लवकर निघालो. झेंडू मिळाला नाही, शेवंती आणली. वरच्या मजल्यावरच्या निशिगंधाताई चकल्या घेऊन आल्या. त्या मूळच्या साताऱ्याच्या. नवरा केन जपानी, पण ‘या, बसा’ मराठीत म्हणतो. तीस वर्षांपूर्वी शिकायला आल्या आणि इथल्याच होऊन गेल्या. त्यांनी विचारलं, दिवाळीला घरी नाही गेलात? म्हटलं, छे, आमचं डिसेंबरात मोठं आहे. सगळा प्लॅन सांगितला. त्या म्हणाल्या, अरे वा, म्हणजे सगळे भेटणार तर.

रात्री व्हिडिओ कॉल. आजच फोडायचं होतं सरप्राइज. पण ओजस्वीचा अर्धा कान आणि पंखा एवढंच दिसलं. हॅपी दिवाळी बाबा म्हणाली आणि तिला अभ्यासाला बसायचं होतं. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी अभ्यास? पुण्यात हल्ली पोरांना फार पिळतात. एकदा शाळेशी बोलायला हवं.

२ नोव्हेंबर, रविवार

खरेदी. पिसांची जॅकेटं तीन, कानटोप्या तीन, आणि खिशात ठेवायच्या गरम पुड्यांचं मोठं खोकं. दुकानातल्या मुलीने ओजस्वीचं वय विचारलं. पंधरा म्हटल्यावर तिने मोठ्या बायकांचा साइज काढला. मी हाताने उंची दाखवली, माझ्या छातीपर्यंत. तिने नम्रपणे पुन्हा मोठाच साइज पुढे केला. मी नम्रपणे मुलांच्या सेक्शनमधला घेतला. आपल्या मुलीचा साइज आपल्याला माहीत असणार की तिला?

८ नोव्हेंबर, शनिवार

सरप्राइज फोडायला सुरुवात केली. ओजस्वीला मेसेज टाकला, या हिवाळ्यात किरिन-सानला भेटायला आवडेल का? उत्तर आलं, एक प्रश्नचिन्ह. जपानी विसरली की काय. मग आफ्रिका, डिसेंबर, विंटर सफारी, सगळं सविस्तर लिहिलं.

तिचं उत्तर: ‘बाबा, तिकडे डिसेंबरात उन्हाळा असतो. सदर्न हेमिस्फिअर. आम्हाला भूगोलात आहे.’

दोनदा वाचलं. ऑगस्टपासूनचा तिचा हा सर्वांत मोठा मेसेज. थम्स-अप नाही, हार्ट नाही, पूर्ण वाक्यं. भूगोल पक्का आहे पोरीचा, माझ्यावर गेलीय.

उन्हाळ्याचं म्हणाल तर हत्ती काय उन्हाळ्यात बारीक होतो? शिवाय उघड्या जीपमध्ये पहाटे वारा असतोच. जॅकेटं परत करायची नाहीत.

१६ नोव्हेंबर, रविवार

उत्तराचा फोन. ओजस्वीने तिला दाखवलं म्हणे. मी तारखा सांगायला लागलो. तिने पुरं ऐकून घेतलं. एरवी ती मला हेम म्हणते. आज म्हणाली, “हेमचंद्र, ती दहावीत आहे.”

मी म्हटलं, माहितीय. तिने विचारलं, काय माहितीय? तू जूनमध्ये तिला नववीसाठी शुभेच्छा दिल्यास. आम्ही दोघी हसलो, वाटलं टायपो असेल. जानेवारीत प्रीलिम, फेब्रुवारीत बोर्ड, डिसेंबरात ती घराबाहेर चप्पलसुद्धा घालणार नाहीये. मी म्हटलं, आवाज तुटतोय. आवाज तुटत नव्हता.

नववी आणि दहावी यांत एका यत्तेचा तर फरक. शिवाय माझ्या वेळी दहावीला एवढा बाऊ नव्हता. म्हणजे होता, घरातला टीव्ही कपाटात बंद करून ठेवला होता, पण तो माझ्या आईचा स्वभाव.

शेवटी जरा तोंडातून निघून गेलं की ठीक आहे, मी एकटा जाईन. उत्तरा म्हणाली, बरं, जा.

२३ नोव्हेंबर, रविवार

लॉजवाल्यांचा मेल. एकटे येताय म्हणून आपली सोय एका जीपमध्ये दोन नवविवाहित जोडप्यांबरोबर केली आहे, जेवणाचं टेबलही त्यांच्याबरोबरच.

शांतपणे विचार केला. उन्हाळ्यात तिकडे पाऊस पडतो. गवत माणसाच्या उंचीचं होतं. पाणी सगळीकडे असतं, मग प्राणी पाणवठ्यावर मरायला येतात? या परिस्थितीत जाणं हे तांत्रिकदृष्ट्या चूक आहे. बुकिंग रद्द केलं. रद्द म्हणजे जूनपर्यंत स्थगित. एकटं जायला लाज वाटते असा प्रश्न नाही.

उद्या सुट्टी. परवा ऑफिसात सांगून टाकायचं. उत्तरालाही सांगायचं, पण तिचं ते ‘बरं, जा’ जरा विरू दे.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

सांगितलं नाही. चीफ मीटिंगमध्ये होते.

२ डिसेंबर, मंगळवार

सांगितलं नाही. योग्य क्षण यावा लागतो.

१२ डिसेंबर, शुक्रवार

ऑफिसची वर्षअखेरची पार्टी. आज नक्की सांगणार होतो, बिअरचा पहिला ग्लास रिकामा झाला की. पण पहिला ग्लास त्यांनी माझ्या सफारीच्या नावानेच उचलला. चीफनी स्वतःची दुर्बीण आणली होती, वडिलांची आठवण, पण तुम्ही न्या म्हणाले. कोबायाशी-साननी देवळातून सुखरूप प्रवासाचा ताईत आणला होता. दोन्ही हातांनी देत त्या म्हणाल्या, घरच्यांबरोबर वेळ घालवा, तुम्ही नऊ वर्षांत कधी मोठी सुट्टी घेतली नाही.

मग एक जण म्हणाला, आफ्रिकेचं ओमियागे कसं असतं कोण जाणे. सगळे हसले. इथे कुणी कुठेही गेलं की परतताना सगळ्या सेक्शनला खाऊ आणायचा असतो, प्रत्येकाचा वेगळा वेष्टणात बांधलेला. गावी जाऊन आले तरी. मीही हसलो. आता सांगणं असभ्य दिसलं असतं.

निर्णय: सुट्टीभर घरात राहायचं. कुणाला त्रास नाही.

२७ डिसेंबर, शनिवार

निघालो. म्हणजे निघावं लागलं. निशिगंधाताई म्हणाल्या, केन नारिता विमानतळावर गाडीने सोडतो. नको नको म्हटलं तर केन मराठीत म्हणाला, ‘या, बसा.’ सुटकेसमध्ये तीन जॅकेटं आणि गरम पुड्यांचं खोकं होतं, वजन बऱ्यापैकी खरं वाटत होतं.

दोघंही आत टर्मिनलपर्यंत आले. मी कुठल्यातरी रांगेत उभा राहिलो आणि ते दिसेनासे होईपर्यंत हात हलवला. रांग दिल्लीच्या विमानाची होती. एक बाई लोणच्याची बरणी टॉवेलात गुंडाळून पुन्हा बॅगेत कोंबत होती. पुढचा माणूस फोनवर कुणालातरी सांगत होता, पोचल्या पोचल्या आधी जेवणार. मला हसूच आलं. चार दिवस सुट्टी मिळाली की निघाले धावत घरी. माणसाने जरा वेगळं काही करावं.

वरच्या कॅफेत विमानं बघत बसलो. मग ट्रेनने परत. अंधार पडल्यावर मागच्या जिन्याने वर. कुणी पाहिलं नाही.

उत्तराला मेसेज केला, पोचतो आहे, जंगलात नेटवर्क नसतं. तिने ‘ओके’ लिहिलं.

२८ डिसेंबर, रविवार

नियम. पुढच्या खोलीतला दिवा बंद. पायांत जाड मोजे, वॉशिंग मशीन नाही. कचरा टाकायला खाली जायचं नाही, त्यामुळे पाच प्रकारचा कचरा पाच पिशव्यांत बाल्कनीत. सर्वांत महत्त्वाचं, फोडणी बंद. आख्ख्या बिल्डिंगमध्ये मोहरी-हिंग ओळखणारं माझ्याखेरीज एकच नाक आहे आणि ते बरोबर माझ्या डोक्यावर राहतं.

सफारी मात्र रद्द नाही. तिकडच्या एका पाणवठ्यावर कॅमेरा लावलेला आहे, चोवीस तास लाइव्ह. तिकडे पहाट होते तेव्हा इथे दुपारचे बारा. बाकीचे पर्यटक पहाटे कुडकुडत उठतात, मी जेवून बसतो. टेबलाशी बसून चीफची दुर्बीण लावली. स्क्रीन फार जवळ आली. दुर्बीण ठेवून दिली.

आजची नोंद: गवत, हिरवंगार, वाऱ्याने हलणारं. एक पक्षी. बहुधा पक्षी.

२९ डिसेंबर, सोमवार

गवत. पाऊस. दुपारी कडेला काहीतरी तपकिरी हललं. हरीण असावं. मग तेच दुसऱ्या बाजूने. म्हणजे दोन हरणं, किंवा एक हरीण येऊन-जाऊन.

खाली कोपऱ्यात आकडा असतो, आत्ता किती जण बघताहेत त्याचा. एक. म्हणजे मी.

३० डिसेंबर, मंगळवार

पाणवठ्यावर कोणी नाही. पण आज आकडा दोन. जगात आणखी कुणीतरी आत्ता, या क्षणी, हेच रिकामं पाणी बघतंय. कोण असेल? एखादा म्हातारा, नॉर्वेत वगैरे. बाहेर बर्फ. बरं वाटलं. त्याला कंटाळा येऊन तो जाईल म्हणून मी चहासुद्धा थांबवला. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं होतो. काही न बोलता सोबत होते काही काही माणसांची.

जेवताना लक्षात आलं की फोनवरही तेच पान उघडं राहिलं होतं.

फोनवरचं बंद केलं नाही.

१ जानेवारी, गुरुवार

नवीन वर्ष. वरच्या मजल्यावर केनचे आईवडील आलेत, खुर्च्या सरकतात, हसणं ऐकू येतं. उत्तराला आणि ओजस्वीला शुभेच्छांचा मेसेज लिहिला आणि पाठवला नाही, जंगलात नेटवर्क नाही. त्यांचाही आला नाही. त्यांना वाटत असणार, जंगलात नेटवर्क नाही.

पाच दिवस कोन्बिनीचे, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास दुकानातले, गार भातगोळे. कोन्बिनीला जाताना मास्क, टोपी. आज मात्र राहवलं नाही. कुकरची शिट्टी काढून ठेवून वरण केलं आणि खिडक्या घट्ट लावून अगदी छोटी फोडणी. चार मोहऱ्या, चिमूटभर हिंग. तडतडण्याचा आवाज ऐकला आणि एकदम डोळ्यांत पाणी आलं. धुरामुळे.

२ जानेवारी, शुक्रवार

दाराच्या हँडलला बाहेरून पिशवी. आत डबा, मसालेभात आणि वर दोन मोची, इथले नवीन वर्षाचे तांदळाचे चिकट गोळे. चिठ्ठी वगैरे काही नाही. मी परतल्यावर खावं म्हणून निशिगंधाताईंनी आधीच अडकवून ठेवला असणार. दूरदृष्टी आहे बाईंना.

अजून गरम होता.

४ जानेवारी, रविवार

परतलो. दुपारी सुटकेस घेऊन मागच्या जिन्याने उतरलो आणि पुढच्या जिन्याने खडखडाट करत चढलो. निशिगंधाताई जिन्यातच भेटल्या. प्रवास कसा झाला विचारलं नाही. म्हणाल्या, “दमलात का हो?” मी म्हटलं, थोडा. त्या म्हणाल्या, डबा सावकाश द्या.

ओमियागेचा प्रश्न सोडवला. रुइबोस नावाचा लाल चहा अस्सल दक्षिण आफ्रिकेचाच असतो आणि स्टेशनजवळच्या दुकानात मिळतो. एकेक पुडी वेगळ्या वेष्टणात. खोक्यावरचं जपानी लेबल गरम पाण्याने काढलं. मी सहसा काही विसरत नाही.

५ जानेवारी, सोमवार

ऑफिस. सगळ्यांच्या टेबलांवर पुड्या ठेवल्या. चीफ म्हणाले, छान रापलात. नऊ वर्षं माझा रंग हाच आहे, पण त्यांचा मोठेपणा. दुर्बीण परत केली, फार उपयोग झाला म्हटलं.

कोबायाशी-साननी पुडी उलटी करून वाचली. प्रत्येक पुडीच्या मागे बारीक अक्षरात जपानी मजकूर होता, पॅकिंग शिझुओका, जपान. मी खोकंच तेवढं सोललं होतं. त्या बराच वेळ वाचत होत्या. मग हळूच म्हणाल्या, आफ्रिकेतले लोक फार विचारी दिसतात, जपानीतसुद्धा लिहितात. आणि उठून सगळ्यांसाठी गरम पाणी आणायला गेल्या. पुड्या त्यांनीच फाडून कपांत टाकल्या, वेष्टणं गोळा केली आणि स्वतःच्या पिशवीत ठेवली. कचरा वेगळा करायची फार सवय असते या लोकांना.

चहा चांगला होता असं सगळे म्हणाले. एकूण प्रकरण यशस्वी.

११ जानेवारी, रविवार

दुपारी ओजस्वीचा फोन. आपणहून. दहावीची प्रीलिम चालू आहे, उद्या भूगोल, आणि वाचून डोकं भणभणलं म्हणून केला म्हणाली. आपल्यामुळे बाबाला एकट्याला जावं लागलं याचं तिला वाईट वाटत होतं. काय काय बघितलंस, सांग.

सांगितलं. हत्तींचा कळप, पिल्लं मधे. सिंहीण, जीपपासून हातभर. जिराफ पाणी पिताना पुढचे पाय फाकवतो, तसा आमच्यासमोर फाकवून उभा होता. ती हसली, खरंच का, मग, मग पुढे, असं विचारत राहिली. इतकं आम्ही कित्येक महिन्यांत बोललो नव्हतो. तिने मैत्रिणींना सांगितलंय म्हणे, माझा बाबा आफ्रिकेला गेलाय. फोटो पाठव म्हणाली.

कॅमेरा बिघडला वगैरे काहीतरी सांगणार होतो. तयारही होतं. पण तिचा आवाज इतका खूश होता की कसं कुणास ठाऊक, मी म्हटलं, ओजू, मी गेलोच नव्हतो. इथेच होतो, घरी.

मला वाटलं खोटं बोललो म्हणून चिडेल. ती चिडली नाही. तिने विचारलं, “म्हणजे तुला सुट्टी होती?”

हो म्हटलं.

“मग तू पुण्याला का नाही आलास?”

मी म्हटलं, तुझ्या अभ्यासात व्यत्यय नको म्हणून. ती बरं म्हणाली. मग म्हणाली, “आई म्हणत होती, बाबा एकटा आफ्रिकेला जायचा नाही. बघ, शेवटी इकडेच येईल. अर्धं बरोबर निघालं तिचं.”

तिला वाचायचं होतं. बेस्ट लक म्हटलं, फोन ठेवला.

व्यत्ययाचं कारण तसं योग्यच होतं. ऐन सुट्टीत तिकिटं मिळाली नसती हेही आहे. आणि त्यांनी तरी कुठे ये म्हटलं. ही सगळी कारणं आत्ता लिहिताना सुचली. तेव्हा कारण लागलंच नव्हतं. नोव्हेंबरात नाही, डिसेंबरात नाही, दिल्लीच्या रांगेत उभा होतो तेव्हाही नाही. पुण्याला जावं असं एकदाही मनात आलं नाही. मी नीट आठवून पाहिलं.

उद्या सोमवार, इथे सुट्टी आहे. प्लॅन काही नाही.